ओठांना कळलेली ऊब : ताणलेले रबर आणि एन्ट्रॉपीचा इतिहास



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपली शाळा हे वार्षिक व्याख्यान योजते, त्यांच्या हाताखाली मी १९६६ साली नववीत शिकलो. आज याच शाळेच्या सभागृहात बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी संस्थाचालकांचा ऋणी आहे. विषय कोणता घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. सरांनी एका तासाला फळ्यावर लिहिलेला एक प्रश्न तेव्हापासून माझ्या सोबतीला आहे. त्या प्रश्नाचा इतिहास सांगावा आणि त्याच्या ओघात माझ्या हातून घडलेली एक चूकही आपल्यापुढे ठेवावी, असे मी योजले आहे.

त्या दिवशी उष्णतेचा पाठ चालू होता. पदार्थ तापवला की प्रसरण पावतो, थंड केला की आकुंचन पावतो, हे आम्ही एका सुरात म्हणून दाखवले. सरांनी टेबलाच्या खणातून रुंद रबरबँडांचे पुडके काढले आणि प्रत्येकाच्या हाती एकेक दिला. ‘‘वरच्या ओठाला टेकवा. आता झटकन ताणा.’’ ओठाला स्पष्ट ऊब जाणवली. ‘‘तसाच ताणून धरा. थोड्या वेळाने एकदम सैल सोडा, आणि पुन्हा ओठाला लावा.’’ या वेळी गारवा लागला. वर्गात हसू पसरले. मग सरांनी खिळ्याला एक रबर अडकवून त्याला वजन टांगले आणि शेगडीवरच्या किटलीची वाफ त्या रबरावर धरली. रबर लांबायला हवे होते. ते आखडले, आणि वजन आमच्या डोळ्यांदेखत किंचित वर उचलले गेले.

‘‘सर, असं का होतं?’’ कोणीतरी विचारले.

सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘मला ठाऊक नाही. आपल्या पुस्तकातही नाही. पण तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे.’’ त्यांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिले : ‘ताणलेले रबर तापवल्यावर का आखडते?’ तो कोपरा पुसायचा नाही, अशी ताकीद त्यांनी वर्गनायकाला दिली. वार्षिक परीक्षेपर्यंत ते वाक्य तिथेच होते.

गॉफ आणि ज्यूल

सरांनी आमच्याकडून करवून घेतलेला प्रयोग मूळचा जॉन गॉफ यांचा, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. इंग्लंडच्या उत्तरेकडील केंडल या गावी १७५७ साली गॉफ यांचा जन्म झाला. अगदी लहानपणी देवी आल्या आणि त्यांची दृष्टी गेली. स्पर्शाच्या बळावर त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला, गणितात प्रावीण्य मिळवले आणि विद्यार्थी घडवले. अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन हे त्यांचेच शिष्य.

गॉफ यांचा रबरावरील निबंध १८०५ साली मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाच्या संग्रहात छापला गेला. त्यांनी तीन गोष्टी नोंदवल्या. रबराची पट्टी ओठांना लावून ताणली असता ती गरम होते आणि सैल सोडली असता थंड होते. वजन टांगलेली पट्टी तापवली असता आखडते. आणि ताणलेली पट्टी थंड पाण्यात ठेवली तर तिची लवचिकता नाहीशी होऊन ती ताणलेलीच राहते. ऊब मिळताच ती पूर्ववत होते. त्या काळी उष्णता हा ‘कॅलोरिक’ नावाचा एक सूक्ष्म प्रवाही पदार्थ आहे, असे मानत. गॉफ यांनी त्याच भाषेत कारण सुचवले. ते कारण पुढे टिकले नाही. निरीक्षणे मात्र तिन्हीच्या तिन्ही टिकली. दृष्टी नसलेल्या या माणसाने तापमापकाचे काम ओठांकडून करून घेतले आणि जे जाणवले तेवढेच लिहिले.

डाल्टन यांचे एक शिष्य म्हणजे जेम्स प्रेस्कॉट ज्यूल. म्हणजे गॉफ हे ज्यूल यांचे गुरूंचे गुरू. विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झाले, यांनी १८५० नंतरच्या दशकात ऊष्मागतिकीच्या नियमांवरून असे दाखवले की, जो पदार्थ ताणल्यावर गरम होतो तो ताणलेल्या स्थितीत तापवला तर आखडलाच पाहिजे. म्हणजे गॉफ यांची पहिली दोन निरीक्षणे ही एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या. ज्यूल यांनी व्हल्कनीकरण केलेल्या रबरावर विद्युत्-तापयुग्माच्या साहाय्याने अंशाच्या लहान लहान भागांपर्यंत मोजमाप केले आणि १८५९ साली ते प्रसिद्ध केले. आज या घटनेला गॉफ-ज्यूल परिणाम म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १८५९ मध्ये ‘एन्ट्रॉपी’ हा शब्दच अस्तित्वात नव्हता. तो क्लॉसियस यांनी १८६५ साली घडवला. मोजमाप आधी झाले आणि त्याचे नाव मागाहून आले.

व्हिएन्नातील थडगे आणि लांबलचक रेणू

नाव मिळाले तरी अर्थ लागायचा होता. तो लुडविग बोल्ट्झमन यांनी लावला. एखादी स्थिती रेणूंच्या जितक्या निरनिराळ्या मांडण्यांनी साधता येते, तितकी तिची एन्ट्रॉपी अधिक, हे त्यांच्या विचाराचे सार. रेणू प्रत्यक्षात आहेत हेच तेव्हा अनेक मान्यवरांना कबूल नव्हते. बोल्ट्झमन यांनी १९०६ साली आपले जीवन संपवले. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीतील त्यांच्या स्मारकावर एन्ट्रॉपी आणि मांडण्यांची संख्या यांचे नाते सांगणारे छोटे सूत्र कोरलेले आहे.

रबराच्या बाबतीत आणखी एक अडसर होता. रबर, रेशीम, सेल्युलोज असे पदार्थ लहान रेणूंच्या सैल गोळ्यांचे बनलेले असतात, असा बहुतेक रसायनशास्त्रज्ञांचा समज होता. १९२० साली हेर्मान स्टाउडिंगर यांनी प्रतिपादन केले की, हे रेणू खरोखरच लांबलचक साखळ्या आहेत आणि त्यांचे दुवे साध्या रासायनिक बंधांनी जोडलेले आहेत. त्यांना कडवा विरोध झाला. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

साखळी मान्य झाल्यावर कोडे भराभर सुटले. १९३२ साली कुर्ट मेयर, सुसिख आणि वाल्को यांनी सुचवले की, रबराचा ताण रेणूंच्या उष्णताजन्य हालचालीतून येतो. १९३४ साली व्हिएन्नात, म्हणजे बोल्ट्झमन यांच्याच शहरात, ओयगेन गुथ आणि हेर्मान मार्क यांनी साखळीच्या मांडण्यांचे गणित मांडले. त्याच वर्षी वेर्नर कून यांनीही स्वतंत्रपणे ते केले. पुढे ऑस्ट्रिया नाझी जर्मनीने गिळला आणि १९३८ साली मार्क यांना देश सोडावा लागला. गुथ त्याआधीच अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात गेले होते.

मैदानावरची साखळी

हे गणित सूत्रांशिवाय सांगायचे तर आपल्या शाळेच्या मैदानावर जावे लागेल. मधल्या सुटीत चाळीस मुले एकमेकांचे हात धरून लांब साखळी करतात आणि मनाला येईल तशी धावतात, अशी कल्पना करा. साखळीची दोन टोके एकमेकांजवळ असतील तर मधल्या मुलांना वळण्या-वाकण्याच्या असंख्य तऱ्हा मोकळ्या असतात. दोन शिक्षकांनी टोके धरून साखळी मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ केली, तर मांडणी एकच उरते.

आता या दोन शिक्षकांना काय जाणवेल? कोणत्याही मुलाचा हात ताणलेला नाही, कोणी आत ओढायचे ठरवलेले नाही. तरीही केवळ मुलांच्या धावपळीमुळे दोन्ही टोकांना आतल्या बाजूला ओढ लागेल. मुले अधिक जोराने धावू लागली तर ही ओढ वाढेल. रबर तापवणे म्हणजे मुलांना अधिक पळायला लावणे. वजन वर उचलले गेले ते यामुळे.

पोलादाच्या तारेची गोष्ट निराळी. तार ताणली की अणू एकमेकांपासून किंचित दूर खेचले जातात आणि केलेले काम बंधांमधील ऊर्जेच्या रूपाने साठते. आदर्श रबरात तसे साठवायला जागाच नसते. साखळी उलगडते, तिच्या मांडण्या घटतात, आणि आपण केलेले काम उष्णता होऊन बाहेर पडते. गॉफ यांच्या ओठांना लागलेली ऊब ती हीच. दोन्ही पदार्थ ताणले जातात, पण तारेच्या विरूपणाचा हिशेब ऊर्जेच्या खात्यात लिहावा लागतो आणि रबराच्या विरूपणाचा हिशेब एन्ट्रॉपीच्या खात्यात.

हा हिशेब आकड्यांतही मांडता येतो. या सिद्धान्ताच्या सर्वांत साध्या रूपानुसार रबर मूळ लांबीच्या दुप्पट ताणले, तर जाळ्यातील प्रत्येक साखळीमागे सरासरी बरोबर एक बोल्ट्झमन स्थिरांक इतकी एन्ट्रॉपी कमी होते. म्हणजे त्या साखळीला मोकळ्या असलेल्या मांडण्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतात. तिप्पट ताणले तर घट सुमारे ३.३ स्थिरांकांची होते आणि मांडण्या चार टक्क्यांच्याही खाली जातात. रबराचा ताठपणा किती, हे त्या साखळ्या कशाच्या आहेत यापेक्षा एका घनसेंटीमीटरमध्ये त्या किती आहेत यावर आणि निरपेक्ष तापमानावर अवलंबून असते.

मोजण्याची रीत

एन्ट्रॉपी मोजणारे उपकरण बाजारात मिळत नाही. ती आडवाटेने मोजावी लागते. रबराची पट्टी ठरावीक लांबीला ताणून पक्की धरायची, हळूहळू तापवायची आणि प्रत्येक तापमानाला ताण किती ते नोंदवायचे. आलेखावर जी रेषा मिळते तिचा चढ एन्ट्रॉपीचा वाटा सांगतो. ती रेषा मागे निरपेक्ष शून्यापर्यंत वाढवली असता जो आकडा उरतो, तो अंतर्गत ऊर्जेचा वाटा. मेयर आणि फेरी यांनी १९३५ साली बऱ्याच ताणलेल्या रबरावर हा प्रयोग केला. त्यांची रेषा जवळजवळ शून्याकडेच रोखलेली होती. म्हणजे ताण जवळजवळ सगळाच एन्ट्रॉपीचा होता.

‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुढील अधिक बारकाईच्या मोजमापांत नैसर्गिक रबराच्या ताणातील सुमारे एक-पंचमांश वाटा ऊर्जेचा असल्याचे दिसून आले. पॉलिएथिलीनमध्ये हा वाटा उणे निघतो, कारण त्याच्या साखळीचा सरळ आकार हाच कमी ऊर्जेचा असतो. रबर फार ताणले तर साखळ्या एकमेकींशेजारी शिस्तीत बसून स्फटिक बनतात. काट्झ यांनी १९२५ साली क्ष-किरणांनी ते दाखवले. थंड पाण्यात रबर ताणलेलेच राहते, या गॉफ यांच्या तिसऱ्या निरीक्षणाचा उलगडा यातून झाला.

शिवाय परतणे ही वेळ घेणारी गोष्ट आहे. साखळीला परतायची ओढ असली, तरी थंडीत तिची हालचाल मंदावते. २८ जानेवारी १९८६ च्या गारठ्यात चॅलेंजर यानाच्या रॉकेटमधील रबरी कडी वेळेत फुगून फट बुजवू शकली नाही आणि सात अंतराळवीर प्राणास मुकले. चौकशी मंडळासमोर रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा शिकंजात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून दाखवला. शिकंजा सैल केला तरी तुकडा काही सेकंद परतला नाही. प्रक्षेपणाच्या आदल्या रात्री काही अभियंत्यांनी थंडीबद्दल हरकत घेतली होती. ती बाजूला ठेवली गेली होती.

खोडलेले आकडे

आता माझ्या चुकीकडे येतो.

मी १९७५ साली रबरी वस्तू बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो. मेयर आणि फेरी यांचा प्रयोग मी पुस्तकात वाचला होता. फळ्याच्या कोपऱ्यातील प्रश्नाचे उत्तर आपल्या हाताने काढावे, या हौसेने मी कामाची वेळ संपल्यावर तशी मांडणी केली. पुरेशी ताणलेली पट्टी पुस्तकाप्रमाणे वागली; तापमान चढले तसा ताण चढला. मग मी दुसरी पट्टी जेमतेम पाच टक्के ताणून धरली आणि तापवू लागलो. ताण उतरू लागला.

मी पुन्हा पुन्हा तपासले. चिमटे घट्ट होते, वजनकाटा ठीक होता. तीन संध्याकाळी तेच आकडे आले. सिद्धान्त तर सांगत होता की ताण वाढलाच पाहिजे. चौथ्या दिवशी वरिष्ठ वही पाहणार होते. मी ते आकडे पेन्सिलीने लिहिले होते. ते मी खोडरबराने पुसले आणि त्या जागी आलेखाच्या रेषेवर नीट बसतील असे आकडे लिहिले. मला तसे करायला कोणी सांगितले नव्हते. वही पाहून झाली, शाबासकीही मिळाली.

त्यानंतर सातआठ वर्षांनी ट्रेलोअर यांचा रबराच्या स्थितिस्थापकतेवरील ग्रंथ माझ्या हाती पडला. १९४९ साली प्रथम निघालेला हा ग्रंथ या विषयात प्रमाण मानतात. त्यात ज्यूल यांचे १८५९ चे आकडे आलेखाच्या रूपात होते. अगदी थोडे ताणल्यावर ज्यूल यांचे रबर गरम होण्याऐवजी किंचित थंड झाले होते; पुढे ताण वाढवल्यावर ते गरम होऊ लागले होते. मला आला तो हाच परिणाम, केवळ उलट बाजूने. १९४२ साली अँथनी, कॅस्टन आणि गुथ यांनी त्याचा उलगडा केला होता. रबरही इतर पदार्थांप्रमाणे तापल्यावर थोडे प्रसरण पावते. ताण अगदी थोडा असेल तेव्हा हे साधे प्रसरण एन्ट्रॉपीच्या ओढीवर मात करते. सुमारे दहा टक्के ताणापाशी दोन्ही परिणाम बरोबरीला येतात आणि पुढे एन्ट्रॉपीचा वरचष्मा होतो. नववीतले ‘तापवला की प्रसरण पावतो’ हे वाक्य आणि फळ्याच्या कोपऱ्यातला प्रश्न, दोन्ही एकाच पट्टीत शेजारी शेजारी नांदत होते. मी त्यांतले एक पुसून टाकले होते.

ज्यूल यांनाही तो किरकोळ गारवा गैरसोयीचा वाटला असू शकेल. त्यांनी तो आकडा छापला.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी सरांना भेटायला गेलो. ते निवृत्त झाले होते. अंगणातल्या खुर्चीत बसून त्यांनी सगळे ऐकून घेतले. प्रश्नाचे उत्तर सापडल्याचा त्यांना फार आनंद झाला. साखळीचा दाखला त्यांनी दोनदा सांगायला लावला. मग त्यांनी विचारले, ‘‘ती वही आहे का रे तुझ्याकडे?’’

वही नव्हती. कारखान्याची जुनी कागदपत्रे रद्दीत गेली होती. मी तसे सांगितले. सर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी घरात चहा सांगितला.

समारोप

रबर ताणून सावकाश सोडले तर गेलेली एन्ट्रॉपी बरीचशी परत मिळते. पण तीच पट्टी झपाट्याने शेकडो-हजारो वेळा ताणली, तर दर खेपेला थोडी उष्णता कायमची निसटते आणि तिच्याबरोबर नवी एन्ट्रॉपी निर्माण होते. धावून आलेल्या मोटारीचे टायर हाताला गरम लागते ते मुख्यतः यामुळे. या न परतणाऱ्या एन्ट्रॉपीची बेरीज ठेवून पदार्थ किती थकला आहे आणि केव्हा तुटेल याचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न आज चालू आहेत. २०१० साली नादेरी, अमीरी आणि खोनसारी यांनी धातूंच्या बाबतीत ही कल्पना मांडली. पुढे ती बहुवारिकांपासून बनवलेल्या संमिश्र पदार्थांनाही लावून पाहिली गेली. पूल, विमाने, कृत्रिम सांधे यांची सुरक्षितता अशा मोजमापांवर अवलंबून राहणार आहे. ती मोजमापे घेणारी मुले आज कुठल्या तरी शाळेत नववीत बसलेली असतील. कदाचित याच शाळेत.

त्यांच्यासाठी मी एक विनंती करतो. शाळेच्या प्रयोगवहीत अपेक्षित उत्तराला गुण असतात. अपेक्षेबाहेर आलेला आकडा जसाच्या तसा लिहून त्याखाली ‘कारण कळले नाही’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही गुण द्यावेत. गॉफ यांच्यापासून गुथ यांच्यापर्यंत सुमारे एकशे तीस वर्षे हा प्रश्न जिवंत राहिला, कारण मधल्या कोणीतरी तो पुसला नाही. मी एकदा पुसला. सरांच्या स्मृतीपुढे तो हिशेब मांडायचा राहिला होता, तो आज मांडला.